बेल्ह्यात समुद्र पाळणारा माणूस

सकाळी मी पुखराजशेठच्या घरात शिरलो की शेठ उठायचे, लाकडी खुर्ची उचलायचे, तिचं तोंड भिंतीकडे करायचे आणि माझ्याकडे पाठ करून बसायचे. भिंतीवर बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक खिळा होता, त्यालाही कॅलेंडर नव्हतं. शेठ हात जोडून त्या खिळ्यासमोर नवकार मंत्र पुटपुटायचे, आणि त्यांच्या पाठीमागे मी काचेच्या टाकीतल्या एका बोटभर माशाला कोळंबी भरवायचो.

"झालं का, बबनराव?" शेठ खिळ्याला विचारायचे.

"नाय अजून. चावतोय."

"अवो, चावतोय म्हणून कशाला सांगता? झालं का न्हाई, येवढंच सांगा."

"झालं. ढेकर दिला."

"मासा ढेकर देतो व्हय?"

"बेल्ह्यातला देतो."

मग शेठ खुर्ची फिरवायचे आणि त्या माशाकडे असं कौतुकाने बघायचे, की जणू तो आत्ताच ओझरच्या गणपतीला जाऊन, मोदकाचा प्रसाद खाऊन परत आलाय. मधे काय घडलं याची चौकशी नाही. कोळंबी हा शब्दसुद्धा त्यांनी माझ्यासमोर कधी उच्चारला नाही. 'त्याचं ते' म्हणायचे. "त्याचं ते संपत आलं असंल तर आणून ठेवा राव."

पुखराजशेठचं जैन घराणं मारवाडातून बेल्ह्याला कधी आलं हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. "आमी आलो तवा इथं बाजार व्हता, का आमी आलो म्हणून बाजार भरला, ते इचारू नका," असं म्हणून ते विषय मिटवायचे. पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. निमगाव साव्यापासून आण्याच्या पठारापर्यंत असं एक लग्न लागलं नसेल, ज्यात शेठच्या दुकानचा हंडा नव्हता. भांड्यांवर नावं कोरायचं मशीन ते स्वतः चालवायचे. घराघरांत वाटण्या झाल्या की जावाजावा भांडी उलटी करून शेठचं अक्षर वाचायच्या आणि भांडण मिटायचं. त्यांच्या अक्षरामुळे जुन्नरच्या कोर्टातले चार वकील उपाशी मेले, असं मी बाजारात सांगायचो. उपाशी मेले नसतील, पण बारीक झाले असतील.

माणूस मात्र मोठा अवघड. कांद्याच्या तालुक्यात जन्मून, कांद्याच्या वखारीला भिंत लागून असलेल्या घरात राहून त्यांनी जन्मात कांदा चाखला नव्हता. आमच्याकडे हवेतच इतका कांदा असतो, की परगावचा माणूस एसटीतून उतरला की रडायला लागतो आणि आम्ही त्याला गावच्या प्रेमाने भरून आलं समजून चहा पाजतो. त्या हवेत शेठ श्वास घेत, पण कांदा नाही, बटाटा नाही, दिवस मावळला की पाण्याचा घोटही नाही. पाणी प्यायचं ते आधी फडक्यातून गाळून, मग उकळून. गाळून झालं की ते फडकं पुन्हा त्याच विहिरीवर नेऊन उलटं धुवायचे. "फडक्यात बारीक जीव आसत्यात, बबनराव. ज्याचं घर त्याला परत द्यायचं."

आणि मी त्यांचा शेजारी, बैलबाजारातला दलाल. बैलाच्या दातावरून त्याचं वय आणि मालकाच्या डोळ्यांवरून त्याची नड ओळखायची, हा माझा धंदा. लोक म्हणतात बबन खोटं बोलतो. मी खोटं बोलत नाही, खऱ्याला जरा वैरण घालून बाजारात उभं करतो.

शेठच्या घरात समुद्र आला तो बदामबाई गेल्यावर. बदामबाई म्हणजे त्यांच्या मंडळी. त्या आजारी पडल्या आणि पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात बरेच दिवस राहिल्या. तिथे नातेवाइकांच्या बसायच्या जागेत खाऱ्या पाण्याची भलीमोठी टाकी होती. आत रंगीत मासे, दगडांवर फुलांसारखी हलणारी प्रवाळं. शेठ दिवसभर तिच्यासमोर बसायचे. "तिथं सगळे मला काय ना काय इचारत व्हते," ते मला सांगायचे. "सही करा, रगत आणा, गाडी बाजूला घ्या. ते मासे तेवढे काय इचारत न्हवते. नुसते माझ्याकडं बघायचे. लई बरं वाटायचं राव."

बदामबाई घरी आल्या नाहीत. शेठ एकटेच आले. दुकान त्यांनी भाड्याने देऊन टाकलं. मुलगा राजेश पुण्यात, ढगाला टेकलेल्या इमारतीत, स्वभावाने चांगला, पण चांगल्या माणसांना वेळ नसतो. घर इतकं गप्प झालं, की शेठने गिळलेला आवंढा मला भिंतीपलीकडे माझ्या ओट्यावर ऐकू यायचा. आणि एका बाजारच्या दिवशी, सगळी पेठ बैलांनी भरलेली असताना, पुण्याहून एक टेम्पो हॉर्न वाजवत आला आणि शेठच्या दारात थांबला. त्यातून काचेची टाकी उतरली, मिठाची बादली उतरली, दोन-तीन पंप उतरले आणि ओल्या कागदात बाळासारखे गुंडाळलेले दगड उतरले. त्या दिवशी बेल्ह्यात बैलाकडे कुणी बघितलं असेल तर शपथ.

टाकी मांडणारा म्हणाला, "काका, घाई करायची नाही. शुद्ध केलेल्या पाण्यात हे समुद्राचं मीठ मिसळायचं, दगड रचायचे, पंप चालू ठेवायचा आणि महिना-दीड महिना नुसतं बसायचं. या दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. ते घाण पचवायला शिकले की मग मासा."

महिनाभर शेठ पाण्यातल्या दगडांसमोर बसले. गावाला तेवढंच पाहिजे होतं. शेठने दगड पाळलेत, ही बातमी पार आळेफाट्यापर्यंत गेली. निमगाव साव्याचा एक पावणा खास मोटरसायकल वळवून बघायला आला. बराच वेळ टाकीत डोकावून त्याने विचारलं, "शेठ, दूध किती देत्यात?"

"सध्या भाकड हायेत," शेठ म्हणाले.

मी तर सांगत सुटलो, की खाऱ्या पाण्याच्या वासाने एक बिबट्या शेठच्या खिडकीशी येऊन गेला, आत दगड बघून निराश झाला आणि जाताना दार लोटून गेला. आमच्याकडे बिबट्याबद्दल काहीही सांगितलं तरी लोक विश्वास ठेवतात.

टाकीचं पाणी रोज थोडं थोडं उडायचं. शेठ त्यात खारं पाणीच भरत राहिले आणि पाणी इतकं खारट झालं, की मीठ मोजायची काचेची नळी बुचासारखी वर आली. टाकीवाल्याने फोनवर समजावलं, की उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालायचं. शेठना ते भलतंच लागलं. नंतर कितीतरी दिवस ते कुठल्याही बोलण्यात मधेच म्हणायचे, "पाणी उडून जातं, बबनराव. मीठ मागं ऱ्हातं." समोरचा बिचारा खताच्या गोणीबद्दल बोलत असायचा.

मग मासे आले. दोन. केशरी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे. बरोबर प्रवाळंही आली, एक झेंडूच्या वाफ्यासारखं, एक हिरव्या गवतासारखं. आठवडाभर टाकी अशी दिसली, की मी घरी जाताना पाय पुसून जायचो. आणि मग पाणी दुधासारखं पांढरं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. शेठने टाकीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"गाळणीची पिशवी धुता ना, काका?"

"रोज धुतो."

"साबण नाही ना लावत?"

"नाय वो. त्यातले जीव मरतील."

"मग कुठे धुता?"

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी टाकीकडे बघितलं.

"टाकीतच," शेठ म्हणाले. "ज्याचं घर त्याला परत."

पंपाने दिवसभर घाण पिशवीत गोळा करायची आणि शेठने सकाळी ती भक्तिभावाने परत टाकीत सोडायची, असा तो संसार चालला होता. विहिरीचा नियम समुद्राला लावला होता. दोन माशांतला एक त्यात गेला. शेठने त्याला मळ्यात जाऊन पुरलं आणि घरी येऊन अंघोळ केली. त्यानंतर पिशवी वेगळ्या बादलीत धुतली जाऊ लागली. पण त्या बादलीतल्या घाणीलाही त्यांनी हवेचा छोटा पंप लावला. कचऱ्याला प्राणवायू लावणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा निघणार नाही.

उरलेल्या माशाचं त्यांनी नाव ठेवलं नाही. "नाव ठिवलं की मोह येतो," म्हणाले. त्याला ते नुसतं 'हा' म्हणायचे. "हा आज जरा रुसलाय." "हा बघा कसा वळून बघतो."

हा मात्र काही खाईना. माशाच्या खाण्याच्या डब्या आल्या, पण शेठने चष्मा लावून वाचलं तर आत माशाचीच पूड. डब्या परत. मग शेठने त्याला मुगाचं पीठ घालून बघितलं, खाकऱ्याचा चुरा घालून बघितला, समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ आणून चिमट्याने नाचवलं. मासा शेवाळाकडे असा बघायचा, जसा जावई सासुरवाडीला पिठलं वाढल्यावर बघतो. टाकीवाला म्हणाला, "तो कोळंबीवर वाढलाय, काका. दुसरं शिकेपर्यंत जगेल याची खात्री नाही."

दोन दिवस शेठ जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर आले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बबनराव, तुमी खाणारी मानसं. तुमच्या हाताला काय वावगं न्हाई."

"म्हंजे पाप माझ्या डोक्यावर?"

"तुमच्या डोक्यावर आधीच लई हाय राव. त्यात चिमूटभर."

इतक्या प्रेमाने मला कुणी पापी म्हटलं नव्हतं. मी तयार झालो. कोळंबी माझ्या फ्रिजमध्ये ठेवायची, तुकडा कापायचा माझ्या घरी, आणि घालायचा शेठने पाठ केल्यावर. आमच्या मंडळी चिडायच्या. "घरातल्या मानसाला कोळंबी न्हाई, आन् शेठच्या माशाला हाय!" पण त्याच तुकडे कापून वाटीत काढून ठेवायच्या.

तर असं वर्ष दीड वर्ष चाललं. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बसला की शेठ दुकानातलं स्टीलचं ओगराळं घेऊन टाकीतलं पाणी स्वतः ढवळत बसायचे, कारण पाणी हललं नाही तर प्रवाळं गुदमरतात. त्या ओगराळ्यालाही गंज चढला. भांडेवाल्याला तो घाव मोठा होता. "आयुष्यभर लोकांना सांगितलं गंजणार न्हाई," ते म्हणाले, "समुद्रानं मला खोटं पाडलं."

मला वाटायचं, मी जातो तो माशासाठी. पण बाजार उठल्यावर, खिशात काही नसताना आणि कुणी विचारत नसताना, त्या निळ्या उजेडासमोर दोन म्हातारे तासन्‌तास बसलेले असायचे आणि त्यातला एक मी असायचो, हे मला बाहेर सांगताना नेहमी वगळावं लागायचं.

शिमग्याच्या सुमाराला एका खिलाराने मला शिंगावर घेतलं. बाजारात आजही सांगतात, की बबन दलाल उडाला तो बेल्ह्यातून आणि पडला तो आण्याच्या घाटात. एवढं नाही, पण खुबा मोडला हे खरं. पुण्यात शस्त्रक्रिया झाली आणि मग मी मुलीकडे चाकणला पडून राहिलो. मंडळीही माझ्याबरोबर. निघायच्या गडबडीत घराची चावी शेठच्या हातात ठेवली, तेव्हा ते म्हणाले, "तुमी बरे व्हा. त्याचं मी बघतो." कसं बघणार, हे मला विचारायचं सुचलं नाही.

गणपती जवळ आले तेव्हा मी काठी टेकत परत आलो आणि शेठना बघून दारातच थबकलो. माणूस उभा आहे की दोरीवर धोतर वाळत घातलंय, कळेना. गाल आत गेलेले, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत चढलेलं. टाकी मात्र अशी बहरलेली, की झेंडूच्या प्रवाळाला जागा पुरेना. शेठ मला बघून हसले, शेजारी माझ्या घरात गेले, माझ्याच फ्रिजमधली वाटी घेऊन आले, आणि भिंतीकडे न वळता टाकीसमोर उभे राहून स्वतःच्या हाताने चिमट्यातला तुकडा पाण्यात धरला. मासा आला. शेठ डोळे उघडे ठेवून बघत होते.

माझ्या घरात या माणसाने कधी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. त्या घरात जाऊन तो कोळंबी कापत होता.

"शेठ, हे काय?"

"आधी एकाला सांगितलं व्हतं. त्यानं अख्खी पुडी वतली, पाणी नासलं. चारचौघांना सांगावं तर आमच्या जैन स्थानकात बोभाटा. मग मीच." चिमटा पुसत ते म्हणाले, "दिवसाआड घालतो. ज्या दिशी घातलं त्याच्या दुसऱ्या दिशी उपास धरतो. त्यानं खाल्लं की मी खात न्हाई. असा दंड लावून घेतलाय."

"एवढे महिने?"

"दंडाला महिना काय आन् दिवस काय."

"मग संपला आता दंड. आलोय ना मी. द्या तो चिमटा, आन् बसा खुर्ची फिरवून."

शेठने चिमटा पाठीमागे नेला. लहान पोराने पेरू लपवावा तसा.

"नगं, बबनराव." मग म्हणाले, "हा माझ्या हाताला वळखतो आता. या घरात मी आलो काय, गेलो काय, कुणाला कळत न्हाई. हा मला बघून काचंशी येतो. उपाशी ऱ्हायला लागलं तरी चालंल, पण येवढं एक ऱ्हाऊ द्या."

मी दलाल माणूस. समोरच्याने कुठली वस्तू कुठल्याही भावाला सोडायची नाही ठरवलंय, हे मला लगेच कळतं. मी खुर्ची ओढून बसलो.

आता गंमत अशी, की जैनांमध्ये वर्षीतप नावाचं मोठं तप असतं. वर्षभराहून अधिक काळ एक दिवस उपवास, एक दिवस जेवण. सुरू होतं शिमग्यानंतर आणि सुटतं पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला, उसाच्या रसाने. शेठ दर उपवासाची शपथ घ्यायला स्थानकात जायचे. तिथल्या मंडळींनी हिशेब जुळवला. शिमगा झाल्यापासून, दिवसाआड, या वयात! पुखराजशेठ गुपचूप वर्षीतप करतायत! शेठ म्हणाले, "तप न्हाई वो, दंड हाय." मंडळी म्हणाली, "काय नम्रपणा!"

अक्षय तृतीयेला बेल्ह्यात मांडव उभा राहिला. राजेश, सून, नातवंडं, कुठल्याकुठल्या गावांचे नातेवाईक. बँड लावून शेठची मिरवणूक निघाली. घोड्यावर बसवायचं ठरत होतं, पण शेठ इतके हलके झाले होते की घोड्याला वर कुणी आहे हे कळलं नसतं. मग फुलांनी सजवलेली जीप आली. मांडवात चांदीच्या पेल्यातून उसाचा रस पाजला, शाली घातल्या, दोन शब्द बोला म्हणून माईक हातात दिला. मी मागच्या रांगेत होतो. हा माणूस खरं बोलणार हे मला माहीत होतं.

"मी हे तप म्हणून केलं न्हाई," शेठ म्हणाले. "घरात मासा हाय. त्याला मी माझ्या हातानं जीव खाऊ घालतो. म्हणून उपास करतो. मला मान देऊ नका."

शेठ माईक धरून उभे होते आणि वाट बघत होते. कुणीतरी रागवावं, उठून जावं, निदान 'कसला मासा?' म्हणून विचारावं. मग अध्यक्षांनी माईक घेतला. "पाहा! समुद्रातल्या माशांच्या हिंसेचा दोषसुद्धा ज्यांनी स्वतःवर घेतला, अशा तपस्वींना वंदन!" टाळ्यांनी मांडवाची कनात हलली.

दुपारी घर माणसांनी भरलं. शाली, नारळ, हार ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते सगळं टाकीच्या झाकणावर रचलं गेलं. टाकीत काय आहे हे कुणी वाकून बघितलं नाही. एका काकांनी दिव्याचं बटण पंख्याचं समजून बंद केलं. संध्याकाळच्या आत गाड्या निघून गेल्या. मी नारळ उचलून खाली ठेवले, शेठने दिवा लावला.

"मी सांगितलं ना, बबनराव? ऐकलं ना तुमी?"

"ऐकलं शेठ. नीट ऐकलं."

"बरं झालं. एकानं तरी."

रस पिऊनही त्यांचा दंड संपला नाही. मासा खात होता आणि शेठ उपवास धरत होते. पावसाळ्याच्या तोंडाला ते स्थानकाच्या पायरीवर चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी राजेशला बोलावून स्पष्ट सांगितलं, की आता एक जरी उपवास केला तर मी जबाबदार नाही. राजेश बायकोसह गाडी घेऊन आला. "पप्पा, बास. चला पुण्याला." टाकीचं त्याने आपण होऊन काढलं. "टाकी नेऊ आपण, हॉलमध्ये जागा आहे. पण ते खाणं आमच्या फ्रिजमध्ये नाही ठेवता येणार, पप्पा. हिच्या आई-वडिलांचंही येणं-जाणं असतं." त्याचं काही चुकलं नव्हतं. शेठनेच त्याला तसं वाढवलं होतं.

शेठ पिशवी भरून, टोपी घालून तयार झाले. दारात गाडी सुरू होती. आणि मग ते टाकीजवळ येऊन उभे राहिले.

"मी येतो. पण आधी याचं बघू दे. हा बबनरावांच्या हातनं खात नसंल, तर मी कुटं जात न्हाई. मग डॉक्टर काय बी म्हणू द्या."

राजेशने माझ्याकडे बघितलं. सुनेने बघितलं. मी चिमटा घेतला. खरं सांगतो, विश्वास ठेवा न ठेवा, त्या क्षणी मी ओझरच्या विघ्नहराला मनातल्या मनात हात जोडून म्हणालो, या माशाची भूक घालव. शेठ गेले की माझ्या भिंतीपलीकडे कोण होतं? डॉक्टरांचं बोलणं मीही ऐकलं होतं, तरी म्हणालो. चिमटा मी मुद्दाम टाकीच्या त्या कोपऱ्यात बुडवला, जिथे मासा कधी फिरकत नसे. हात दगडासारखा स्थिर ठेवला.

मासा दगडामागून निघाला. शेठच्या बाजूने गेला, थांबलासुद्धा नाही. शेपूट हलवत, तसाच डोलत, तशाच लाडात माझ्या चिमट्याशी आला आणि तुकडा ओढून घेतला. वर आणखी आहे का म्हणून माझ्या बोटाला येऊन ढुशी दिली.

शेठ काचेवर हात ठेवून बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला, तो मी बघितला. मग हळूहळू त्यावर काहीतरी वेगळंच आलं आणि ते हसले. बदामबाई गेल्यापासून मी त्यांना तोंड उघडून हसताना बघितलं नव्हतं.

"बघा राव! ह्याला आपला-परका न्हाईच. हा तर महाराज निघाला!" डोळे पुसत ते म्हणाले, "उपास मी केले, बबनराव, आन् मोह सुटला तो ह्याचा."

आणि गाडीत जाऊन बसले.

पुण्याहून त्यांचा फोन यायचा. "खाल्लं का त्यानं?" "खाल्लं." "बरं." एवढंच. मी वाढवून सांगायला जायचो, की मासा आता फूटभर झालाय, मला बघून शिट्टी मारतो, प्रवाळं खिडकीतून बाहेर आलीत आणि गुरं ती चरायला थांबतात. शेठ पलीकडून नुसतं "असं का," म्हणायचे, पण फोन ठेवायचे नाहीत.

एके दिवशी त्यांनी माशाचं विचारलंच नाही. आवाज खोल गेला होता.

"बबनराव, तुमी जेवला का?"

"जेवलो की, शेठ."

"काय व्हतं?"

"मुगाची आमटी."

"खोटं बोलता राव," शेठ म्हणाले, आणि किती तरी वेळ हसत राहिले.

त्यानंतरचा फोन राजेशचा होता.